कवळी, मोहोर आणि मधली फट

मंडळी, ऐका! शेवटी अप्पा राऊळांची कवळी देवळाच्या कोनाड्यात जाऊन बसली!

— काय म्हणालात? कुठली कवळी? मी? मी काही बोललो? छे हो! तबलजी, मी काही बोललो का? बघा, तेही नाही म्हणतात. कवळी नाही, कोनाडा नाही, अप्पा तर मुळीच नाहीत. आख्यान अजून सुरूच झालेलं नाही. बुक्का लागला, नमन झालं, आता कुठे सुरुवात.

तर प्रश्न असा. एक माणूस बोलला. समोरचे सगळे 'हो' म्हणाले. मग ते खरं झालं का?

माना हलवू नका! मी विचारलं 'खरं झालं का', तर अर्ध्या माना उभ्या हलल्या, अर्ध्या आडव्या, आणि खांबाजवळच्या त्या काकांची गोल फिरली. ती झोपेची. ती धरत नाही.

तुम्हाला गाऱ्हाणं माहीत आहे. देवासमोर एकानं उभं राहायचं, गावाच्या वतीनं मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं काय म्हणायचं? — हां, 'व्हय म्हाराजा'! जरा घसा साफ करून घेऊ. पाऊस वेळेवर पडांदे म्हाराजा! — शाब्बास! पोराबाळांक सुखात ठेव म्हाराजा! — वा! आणि कीर्तन संपल्यावर कीर्तनकाराच्या दुधात केशर जरा जास्त पडांदे म्हाराजा! — बघा! आलं की नाही! ट्रस्टींनी ऐकलं ना? माझा प्रश्न सुटला. आता तुमचा राहिला.

मान हलविता मान अडकली, कोण सोडवी आता?
आधी पुसणे 'कशावरूनी', मग टेकावा माथा!

ही साकी, म्हणजे कीर्तनातलं दोन ओळींचं पद, माझीच आहे. कुठल्या पोथीत शोधू नका, दमाल.

तर खाडीपलीकडे कातळवणे नावाचं गाव. त्या गावात गाऱ्हाण्याचा मान घाड्यांच्या घराकडे. पिढ्यान् पिढ्या. सध्याचे घाडी म्हणजे भिवा. कसा माणूस? गाऱ्हाण्याला उभा राहिला की आवाज खाडीपार! आणि घरी आला की बायकोला मीठ मागायची चोरी. स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यानं जन्मात उच्चारलं नाही. जे बोलला ते गावाच्या वतीनं. घसा मात्र जपायचा! थंड पाणी नाही, दही नाही, चिंच नाही. घाड्याचा घसा म्हणजे गावाची मालमत्ता, असं तो मानायचा.

या भिवाची मुलगी हर्षदा. दहावी झाली आणि तालुक्याच्या कॉलेजात गेली. अकरावी कला. विषय — तर्कशास्त्र! घेतला नव्हता हो, मिळाला! भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. आपल्याकडे तर्क असाच येतो, दुसरीकडे जागा नसली की.

शिकवायला बांदिवडेकर सर. माणूस वाळक्या सुपारीएवढा, आवाज त्याहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाले, "युक्तिवाद ऐकताना मान स्थिर ठेवा. मान हलू लागली की डोकं थांबतं. समोरचा काय आधार देतो ते एका बाजूला ठेवा. काय निष्कर्ष काढतो ते दुसऱ्या बाजूला ठेवा. आणि मधल्या फटीत बघा. सगळी लबाडी त्या फटीत असते."

मग सरांनी तर्कदोषांची नावं शिकवली. इथेच घोटाळा झाला! पोराच्या हातात कोयता दिला की ते आधी काय तोडतं? घरातलं केळीचं झाड!

संध्याकाळी आई म्हणाली, "हर्षदा, तिन्हीसांजेक ताक पिऊ नको. सर्दी होतली."

"आये, ह्या घाईचा अनुमान झाला."

"काय झाला?"

"गेल्या वर्षी एकदा सर्दी झाली म्हणून दर खेपेक होतली, असा नाय."

"पी मगे. आणि नाक पुसूक तुझ्या सरांका बोलव!"

शेजारची काकू म्हणाली, "सगळेच तिकडून भाजी घेतत, म्हणजे चांगलीच असतली." हर्षदा म्हणाली, "काकू, ह्यो बहुमताचो दोष." काकूनं भाजी घेतलीच, वर आठ दिवस बोलणं टाकलं. एस्टीचा कंडक्टर म्हणाला, "पुढे सरका, मागे जागा नाय." तिनं त्यातही विसंगती काढली. एस्टी पुढे गेली, ती मागे राहिली!

मंडळी, प्रत्येक वाद जिंकत होती पोरगी! आणि प्रत्येक वाद जिंकल्यावर ताटात एक भाकरी कमी पडत होती. तिला वाटायचं, लोकांना इतकं साधं कसं कळत नाही? चिडचिड, चिडचिड! रात्रंदिवस त्या पोरीचं नाक लाल. थोडं रागानं, थोडं ताकानं.

आता अप्पा राऊळ येतात. — अहो, आता येतात! मघाशी नव्हते आले! — अप्पा म्हणजे गावचे पहिले मानकरी, देवस्थान समितीचे अध्यक्ष. दिवाळीत त्यांनी नवी कवळी बसवून घेतली होती. वरची आणि खालची, अखंड. बोलणं संपलं की अप्पा ती एकदा वाजवायचे. टक्! म्हणजे विषय संपला.

त्या वर्षी अवकाळी पाऊस आला, धुकं आलं, आणि आंब्याचा मोहोर गळाला. कुणाचा राहिला? कुणाचाच नाही! पण देवळापुढचा देवाचा आंबाही गळाला. तेव्हा अप्पांनी देवळात सभा भरवली आणि म्हणाले, "देवाच्या आंब्याचो मोहोर आजपर्यंत कधी गळलो नव्हतो. देव रागावलो हा. ह्या वर्षाक गावात नवीन काय झाला, ता बघूक व्हया." टक्!

सभा विचारात पडली. म्हणजे गप्प बसली. आपल्याकडे दोन्हीला एकच तोंड असतं.

आणि मागून बायकांच्यातून आवाज आला — "कशावरून, अप्पा?"

हर्षदा! सहा महिन्यांचं तर्कशास्त्र, ते असं बाहेर आलं! "अप्पा, पाऊस पडलो म्हणून मोहोर गळलो. अख्ख्या तालुक्यात गळलो. देवाचो काय संबंध?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर आपल्या पायांनी चालत येतं म्हणतात, तसं अप्पांना त्यांचं उत्तर समोरच उभं दिसलं!

"ह्याच ता! घाड्याचा चेडू कॉलेजात गेला, आणि त्याच वर्षाक मोहोर गळलो! आजवर ह्या घरातला चेडू तालुक्याक शिकाक गेलेला? नाय! आजवर मोहोर गळलेलो? नाय!"

"मगे तालुक्यातलो मोहोर कित्याक गळलो?"

"तालुक्यातली चेडवां पण कॉलेजात गेली असतली!"

घ्या! आता काय बोलाल? मी तर म्हणतो, बांदिवडेकर सरांना उभं केलं असतं तरी ते खाली बसले असते. ज्या दाव्यातून बाहेर पडायला दारच ठेवलेलं नाही, त्यात कुठून शिरणार?

हर्षदाचा तोल गेला. ती ओरडली, "अप्पा, तुमका मी उलट प्रश्न केलंय म्हणून तुम्ही माज्यावर खुन्नस काढतास! तुम्ही हेकट आसात, म्हणून तुमचा म्हणणा खोटा!"

आता हिला विचारा, माणूस हेकट असला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरतं का? हा तर्कदोष यादीत पहिला! हिला पाठ होता! राग आला की पाठांतर पहिलं पळतं, मंडळी. नेसत्या धोतरानिशी पळतं.

ठरलं! शिमग्याच्या गाऱ्हाण्यात सांगायचं की घाड्याचं चेडू, म्हणजे मुलगी, या वर्षापासून घरात बसेल. परीक्षा महिन्यावर! आणि कातळवण्याचा नियम तुम्हाला ठाऊक नाही. गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं आणि ज्याला गावानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं, ते पुढच्या शिमग्यापर्यंत कुणी मोडत नाही. आणि हे गाऱ्हाणं सांगणार कोण? भिवा! पोरीचा बाप! स्वतःच्या तोंडानं!

भिवा सभेत काय म्हणाला? — मान खाली घालून बसला.

हर्षदा दुसऱ्या दिवशी सरांकडे गेली. डोळे सुजलेले. "सर, लोक ऐकतच नाहीत."

सर फळा पुसत म्हणाले, "तू त्यांचं ऐकतेस?"

"त्यांच्या बोलण्यात ऐकण्यासारखं काय आहे सर? सगळे दोषच."

"दोष सापडले की ऐकणं संपतं असं कुणी सांगितलं? असं कर. अप्पांचा युक्तिवाद अप्पांपेक्षा चांगला मांडून दाखव. इतका चांगला, की अप्पा म्हणतील, हेच मला म्हणायचं होतं. मग बोल."

हिला संताप आला! माझं घर जळतंय आणि हे म्हणतात, आधी आगीची बाजू मांड! पण दुसरा उपाय नव्हता. एस्टीत बसली, खिडकीला डोकं टेकलं आणि पहिल्यांदा त्या पोरीनं अप्पांच्या जागी बसून बघितलं. अप्पांचा आधार काय? मोहोर गळाला. चेडू कॉलेजात गेलं. दोन्ही खरं. निष्कर्ष? चेडवाचा दोष. मग मधल्या फटीत काय आहे? अप्पा जे बोललेच नाहीत, पण धरून चाललेत, ते काय?

घाटी उतरताना तिला ते दिसलं. अप्पा धरून चाललेत की, ज्या वर्षी मोहोर गळाला त्या वर्षी जे जे नवीन सुरू झालं, ते दोषी!

जे जे! मंडळी, तो शब्द लक्षात ठेवा. एकाच पोरीला बसेल अशी टोपी अप्पांनी शिवली होती, पण माप घ्यायला विसरले होते!

शिमगा आला. आदल्या दिवशी दुपारी काय झालं? भिवा घाडी शाळेजवळच्या बर्फगोळ्याच्या गाडीपाशी उभा दिसला. ज्यानं जन्मात माठातलं पाणी तोंडाला लावलं नाही, तो माणूस बर्फाचा गोळा चोखत होता! एक संपला की दुसरा. काला खट्टा. मग लिंबू. मग परत काला खट्टा. गोळेवाला म्हणाला, "घाडीनू, उद्या गाऱ्हाणा हा मा?" भिवानं ग्लास पुढे केला. "अजून वायच सरबत घाल."

सकाळी भिवाच्या घशातून हवा सोडून काही येईना!

हर्षदानं विचारलं, "बाबा, मुद्दाम केलात?"

भिवानं मान उभी हलवली नाही. आडवी हलवली नाही. जन्मभर गावाच्या तालावर हललेली ती मान, त्या सकाळी पहिल्यांदा स्थिर होती.

अप्पा भडकले. मान घाड्यांचाच, दुसऱ्या घरातला माणूस चालत नाही. भिवाला मुलगा नाही, भाऊ नाही. मग अप्पांच्या मनात एक विचार आला आणि ते हसले. "चेडू उभा ऱ्हवांदे! स्वताच्याच तोंडान सांगांदे!" टक्!

हर्षदा देवासमोर उभी राहिली. हातात नारळ. मागे अख्खं गाव. पहिलं वाक्य बोलली आणि मागून जो गजर आला, त्यानं तिच्या पाठीवर काटा उभा राहिला. सर ज्या फटीत बघ म्हणायचे, त्या फटीत तर अख्खं गाव उभं होतं! वाक्य संपलं की 'व्हय म्हाराजा'. दुसरं सुरू व्हायच्या आत 'व्हय म्हाराजा'. बघायला जागाच ठेवली नव्हती कुणी!

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वर्षाक तुझ्या आंब्याचो मोहोर गळलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अप्पा म्हणतत, त्या वर्षाक जा जा नवीन सुरू झाला, तेचो ह्यो दोष म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज अप्पांचा. हेच मला म्हणायचं होतं, असा!

"घाड्याचा चेडू त्याच वर्षाक कॉलेजात गेला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ता चेडू घरात बसांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मंडळी, या गजरात तिच्या आईचा आवाज होता! आई म्हणून गेली, मग तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता. सवयीनं तोंडाचं दार त्याला उघडंच होतं.

अप्पांना वाटलं, झालं. ते नारळ घ्यायला पुढे झाले. पण हर्षदानं नारळ सोडला नाही.

"आणि त्याच वर्षाक अप्पांनी नवी कवळी बसवल्यानी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ती कवळी पण शिमग्यापासून शिमग्यापर्यंत तुझ्या कोनाड्यात ऱ्हवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? बोला, बोला! — अप्पांचा! जन्माची सवय! म्हणाले, आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. तोवर हर्षदानं नारळ देवापुढे ठेवला होता. गाऱ्हाणं पुरं!

पुजारी तांब्याचं ताम्हण घेऊन अप्पांसमोर उभा. अप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. नियम त्यांचाच. वरची काढली. खालची काढली. ताम्हणात टाकली. यावेळी 'टक्' ताम्हणाचा झाला!

— आता म्हणा, मघाशी कीर्तनकार कवळीचं काहीतरी बोलला होता! मघाशीचं मला माहीत नाही. हे आत्ता झालं.

मग महाप्रसाद. पंगत बसली. पानात काय? कडक वडे! आणि काळ्या वाटाण्याची उसळ! आचाऱ्याची ख्याती अशी की त्याचा वाटाणा तीन पंगती शिजला तरी स्वाभिमान सोडत नाही. सगळे कुडुमकुडुम खातायत, आणि अप्पा पानाकडे बघतायत. वडा उचलला, ठेवला. एक वाटाणा तोंडात टाकला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि बाहेर काढून पानाच्या कडेला ठेवला. जसाच्या तसा. घासूनपुसून!

पलीकडच्या पंगतीत हर्षदाचंही पान तसंच. पुढचं वर्ष तिनं आपल्याच हातानं देवापुढे ठेवलं होतं, नारळाखाली दाबून.

आणि अप्पा उठले! पानावरून! ओरडले, "माझ्या कवळीचो आणि मोहराचो संबंध काय?"

वाढप्याचा हात हवेत थांबला. मंडळी, त्या देवळाच्या इतिहासात मानकऱ्याच्या तोंडून हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला! आणि विचारला कुणी? पोटानं! मेंदूला जे जन्मात सुचलं नाही, ते पोटाला अर्ध्या पंगतीत सुचलं!

हर्षदाच्या जिभेवर सगळी नावं आली. घाईचं अनुमान, बहुमताचा दोष, सगळी यादी रांगेत उभी राहिली. म्हणून टाकावंसं वाटलं, 'आता कसं?' पण ती उठली आणि नुसतं म्हणाली, "अप्पा, परत एकदा विचारा."

"कवळीचो आणि मोहराचो संबंध काय?"

"आता कवळीच्या जागेर माझा कॉलेज घाला आणि विचारा."

अप्पांनी उसळीकडे बघितलं. कोनाड्याकडे बघितलं. वड्याकडे तर फारच प्रेमानं बघितलं. ओठ हलले. हिशेब चालला होता आत.

"...नाय," अप्पा म्हणाले. "संबंध नाय."

"कसलो?"

"दोनांचोय नाय! झाला? आता उठ आणि दुसरा गाऱ्हाणा घाल! वडे निवतत!"

खरकट्या हातानं पंगत उठली. गाऱ्हाणं कुणी मोडत नाही, पण एकाच गोष्टीनं ते सुटतं, आणि ती म्हणजे दुसरं गाऱ्हाणं. हर्षदा पुन्हा उभी राहिली. "कवळीचो मोहराशी संबंध नाय म्हाराजा!" — "व्हय म्हाराजा!" "चेडवाच्या कॉलेजाचोय संबंध नाय म्हाराजा!" — "व्हय म्हाराजा!" "तर दोगांकय आपापल्या जागेर जावांदे म्हाराजा!" — "व्हय म्हाराजा!"

तीच माणसं! तेच घसे! घटकेपूर्वी ज्याला 'हो' म्हणाले, त्याच्या बरोब्बर उलट गोष्टीलाही तितक्याच जोरात 'हो' म्हणाले! पंगतीत परत बसताना एकानं दुसऱ्याला विचारलं, "नेमका ठरला काय रे?" दुसरा म्हणाला, "काय म्हायत नाय. उसळ घे."

फक्त मागे एक माणूस होता, ज्याच्या तोंडून दुसऱ्या गाऱ्हाण्याला आवाज निघाला नाही. भिवा. त्याचे ओठ मात्र हलत होते. पण घसा बसलेल्या बापाला काय म्हणायचं होतं, ते ऐकायला तिला मागे वळावं लागलं. ती वळली. तो हसत होता.

हर्षदानं परीक्षा दिली. सरांना सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, "किती जणांना कळलं?"

"एकाला, सर. आणि त्यालाही भूक लागली म्हणून."

सर म्हणाले, "एक? पुष्कळ झाला. वर्गात मला एवढेही मिळत नाहीत."

मंडळी, तुम्ही हसताय. हसा! कातळवणे खाडीपलीकडे आहे ना, मग हसायला काय जातंय! पण मी मघापासून मोजतोय. फोनवर निरोप येतो, 'सगळ्यांना पाठवा' — व्हय म्हाराजा! भाचा सांगतो, सगळे तिकडेच चाललेत — व्हय म्हाराजा! घरातली पोर विचारते 'कशावरून?', तर आपण म्हणतो, तोंड फार चालायला लागलंय हिचं! कवळी दुसऱ्याची जाते तोवर गजर आपलाच असतो. आपल्या पानातला वाटाणा कडक लागला की मगच संबंध आठवतो. तोवर कुणाची परीक्षा गेली, कुणाचं वर्ष गेलं, विचारतो कोण?

आणि मी जे सांगितलं ते सगळं खरं म्हाराजा!

— बघा! म्हणालात! एवढं डोकं फोडून सांगितलं, आणि म्हणालात! कशावरून खरं? मी कातळवण्याला गेलो होतो? तुम्ही गेला होतात? त्या खांबाजवळच्या काकांनी तर झोपेत म्हटलं!

आता आरती. त्याआधी तुमच्या इथल्या समितीला एक अर्ज वाचून दाखवतो.

प्रति, माननीय अध्यक्ष व सर्व मानकरी, देवस्थान समिती, यांचे सेवेशी. विषय : गाऱ्हाण्यात मोकळी जागा ठेवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, यापुढे गाऱ्हाण्यातील प्रत्येक वाक्यानंतर, 'व्हय म्हाराजा' म्हणण्यापूर्वी, उपस्थित ग्रामस्थांपैकी किमान एकास, वय, लिंग व मानपान न पाहता, 'कशावरून म्हाराजा?' असे मोठ्याने विचारण्याची, व त्याचे उत्तर मिळेपर्यंत सर्वांनी माना स्थिर ठेवून उभे राहण्याची, समितीने ठराव करून कायमस्वरूपी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.